ताई गातात किती? एका गानशिक्षिकेच्या बसलेल्या आवाजाचं प्रकरण

डिसेंबरातली रात्र, नागपूरच्या धरमपेठेतली एक घरगुती बैठक. ताई मारूबिहाग गात होत्या, मी मागे तानपुऱ्यावर होते. गंधार, तीव्र मध्यम, पंचम करत त्या वर गेल्या, निषादावर थांबल्या, आणि तार षड्जाच्या, म्हणजे वरच्या ‘सा’च्या, जागी नुसती हवा आली. जेमतेम अर्धा सेकंद. पेटीवाल्या काकांनी लगेच षड्जाची पट्टी दाबून धरली, ताई निषादावरूनच खाली उतरल्या आणि मुखडा घेऊन समेवर आल्या. समोरून कोणीतरी ‘वा!’ म्हणालं. ती जागा ताईंनी मुद्दाम सोडली असंच लोकांना वाटलं. खरं काय झालं ते त्या खोलीत आम्हा तिघांनाच कळलं होतं.

गाडीत बसल्यावर ताई म्हणाल्या, “थंडी किती पडून राहिली गं यंदा.”

थंडी होती हे खरं. पण आवाज एप्रिलपासूनच बसत होता, आणि एप्रिलात नागपूरला थंडी नसते.

मी ताईंकडे चौदा वर्षं शिकते आहे आणि गेली सहा वर्षं त्यांच्या क्लासची हजेरीवही सांभाळते. त्यांच्या परवानगीनेच हे लिहिते आहे. नाव, वस्ती, डॉक्टर, शाळा यातलं काही सांगणार नाही. गाणं शिकवणाऱ्या इतरांना उपयोग व्हावा एवढाच हेतू. आमच्यात आवाज गेला की माणूस एकतर ‘सर्दी आहे’ म्हणतो, नाहीतर क्लास बंद करून घरी बसतो. मधलं कोणी बोलत नाही.

आधीचं थोडं

ताई आज एकोणपन्नास वर्षांच्या आहेत. नागपूरच्या महाल भागातल्या एका गुरुजींकडे सुरुवात, शाळकरी वयातच गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा, कॉलेजात विशारद, मग संगीतात एम.ए. त्यानंतर अकरा वर्षं दर महिन्याला महाराष्ट्र एक्स्प्रेसने पुण्याला गुरूंकडे जाणं, चार दिवस तालीम घेणं आणि परत येणं. आकाशवाणीची कलाकार म्हणून ‘बी’ श्रेणी, नंतर ‘बी हाय’.

नागपूरला गाण्याचं वावडं आहे असं कोणी म्हणू नये. वसंतराव देशपांडे लहानपणी इथेच शंकरराव सप्र्यांकडे शिकले. त्यांच्या नावाचं सभागृह सिव्हिल लाइन्सला आहे, दक्षिण-मध्य क्षेत्र सांस्कृतिक केंद्र त्यांच्या स्मृतीचा समारोह भरवतं, आणि तिथे लोक जागा धरायला लवकर येतात. प्रश्न वेगळाच आहे. मैफलींचा बाजार मुंबई-पुण्यात, आणि नागपूर तिथून एका रात्रीच्या प्रवासावर. पुण्याच्या आयोजकाला नागपूरची गायिका बोलवायची तर भाडं, मुक्काम सगळं आलं. तेवढ्यात त्याला दोन स्थानिक गायिका मिळतात. ताईंचं सगळ्यात चांगलं वर्ष अकरा कार्यक्रमांचं होतं. त्यातल्या सहांना शाल, श्रीफळ आणि एक पाकीट मिळालं, ज्यातली रक्कम तबलजींना दिल्यावर पेट्रोलपुरती उरली.

तेव्हा घर चाललं ते क्लासवर. हे प्रकरण त्या क्लासचं आहे.

दिवसाचा हिशेब

जानेवारीत आम्ही व्हॉइस थेरपिस्टकडे, म्हणजे आवाजावर व्यायामांनी उपचार करणाऱ्या बाईंकडे, गेलो तेव्हा त्यांचा पहिला प्रश्न होता, “रोज किती गाता?”

“दीड तास,” ताई म्हणाल्या. “पहाटेचा रियाज.”

“आणि शिकवता किती?”

“ते वेगळं. ते काही गाणं नाही.”

माझ्या मते या सगळ्या प्रकरणाचा गाभा या वाक्यात आहे. ताईंच्या मनात गाणं म्हणजे रियाज आणि मैफल. क्लासमध्ये तोंडातून निघतं ते गाण्यात धरलेलंच नव्हतं, म्हणून त्याचा हिशेबही कधी झाला नव्हता.

थेरपिस्टबाईंनी मला काम दिलं: आठवडाभर प्रत्येक बॅचमध्ये बसायचं आणि ताईंचा आवाज लागला की मोबाइलचं स्टॉपवॉच चालू करायचं. ताईंना ते अजिबात आवडलं नाही. “काय मोजून राहिली गं? मी काय मजूर आहे का?” तरी मी मोजलं. तासाभराच्या बॅचमध्ये त्या सरासरी ३८ मिनिटं गात होत्या. मुलांनी एक ओळ म्हणायची, ताईंनी तीच पुन्हा म्हणून दाखवायची, मग मुलांसोबत म्हणायची, मग जे चुकलं ते परत. संध्याकाळच्या पाच बॅचेस मिळून ३ तास १० मिनिटं. सकाळी सहाला अमेरिकेतल्या मुलांचा ऑनलाइन तास, कारण तिथे तेव्हा संध्याकाळ उलटत असते. त्यासाठी रियाज पाचावरून साडेचारवर गेलेला. आठवड्यातून तीन दिवस एका शाळेत प्रार्थना आणि स्नेहसंमेलनाची गाणी, पन्नास पोरं आणि माइक नाही.

मी कागदावर एक आकडेमोड केली. ताईंची पट्टी (षड्ज धरायचा पेटीवरचा सूर) काळी चार, म्हणजे मध्य षड्ज साधारण २०८ हर्ट्झ आणि तार षड्ज ४१५. हर्ट्झ म्हणजे सेकंदाला स्वरतंतू तितक्या वेळा एकमेकांवर आपटतात. मधला ३०० धरला तर संध्याकाळच्या बॅचेसमध्येच त्यांचे स्वरतंतू रोज चौतीस लाख वेळा आपटत होते. कागद दाखवला तेव्हा ताई कितीतरी वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “शाळेतलं धरलं नाही तू.”

कूलर आणि काळी एक

आवाज एप्रिलातच का बसायला लागला, हे मला वही चाळताना कळलं. गांधर्वच्या परीक्षांचं एक सत्र एप्रिल-मेमध्ये असतं. दहावीला शास्त्रीय कलेचे वाढीव गुण मिळतात, त्यामुळे नववी-दहावीची मुलं त्या सुमारास जादा तासांना येतात. नागपूरचा पारा तेव्हा पंचेचाळीसच्या आसपास असतो आणि क्लासच्या खिडकीत लोखंडी पत्र्याचा कूलर बसवलेला असतो. नागपूरकरांना त्या कूलरच्या घरघरीबद्दल काही सांगायला नको. ती सप्टेंबरात थांबते तेव्हाच ती चालू होती हे लक्षात येतं. आजूबाजूला आवाज असला की माणूस नकळत वरच्या आवाजात बोलतो. ताई कूलरच्या वर गात होत्या, मुलं ताईंच्या वर गात होती, आणि त्या सगळ्यांच्या वर पेटी.

दुसरी गोष्ट मुलग्यांच्या बॅचची. चौदा ते सतरा वयाची सहा मुलं, आवाज फुटलेले, पट्टी काळी एक. काळी एकचा षड्ज १३९ हर्ट्झ, आणि ताईंच्या काळी चारमध्ये तो मंद्र, म्हणजे खालच्या सप्तकातला, मध्यम होतो. मुलं तिथून आणखी खाली मंद्र पंचमात उतरली की ताईंचा गळा नुसता गुरगुरे. सप्तक वर घेऊन दाखवायचं म्हटलं तर मुलांचा तार षड्ज ताईंच्या तार मध्यमावर, ५५४ हर्ट्झवर जाई. खाली घेतलं तर गुरगुर, वर घेतलं तर किंचाळी. अशी तीन वर्षं, आठवड्यातून दोन दिवस. पुरुष गुरू आणि मुली शिष्या असल्या तरी हीच अडचण उलट बाजूने येते, पण तिथे गुरुजी निदान ऐटीत म्हणतात, ‘तू तुझ्या पट्टीत म्हण.’ बायकांना हे म्हणवत नाही. आपण विद्यार्थ्याच्या पट्टीत उतरावं असंच त्यांना वाटत राहतं.

उपचार, आधी चुकीचे

एप्रिल ते डिसेंबर ताईंनी काय केलं? जे आपण सगळेच करतो. ज्येष्ठमध चघळला, हळद-मिठाच्या गुळण्या केल्या, मिरी आणि मध घेतला, खडीसाखर चघळली. वाईट यातलं काहीच नाही, घशाला बरंही वाटतं. पण गिळलेली वस्तू अन्ननलिकेत जाते. स्वरतंतू श्वासाच्या वाटेवर असतात आणि गिळताना ती वाट झाकलेली असते. गुळणी त्यांच्यापर्यंत पोचतच नाही. हे कळल्यावर ताई खट्टू झाल्या. “मग इतक्या वर्षांचं ज्येष्ठमध?”

त्याहून मोठी चूक खर्जाची, म्हणजे अगदी खालच्या सुरांच्या रियाजाची. आवाज जड झाला की खर्ज वाढवायचा, हे आमच्या घराण्यात पाठच असतं. ताईंनी पहाटेचा खर्ज अर्ध्या तासावरून एक तास केला. सुजलेल्या तंतूंवर रोज तासभर दाब. खर्ज वाईट नाही. निरोगी गळ्याला त्याने खोली येते, हे मी स्वतः अनुभवलं आहे. पण तो व्यायाम आहे, औषध नाही. मोडलेल्या पायाने कोणी दंड-बैठका काढत नाही.

बैठकीनंतर एका डॉक्टरांनी दुर्बीण घालून पाहिलं आणि दोन मिनिटांत शस्त्रक्रियेची तारीख सुचवली. ताई घाबरून घरी आल्या आणि तीन आठवडे कोणाशी बोलल्या नाहीत, म्हणजे याबाबत बोलल्या नाहीत; क्लास चालूच होता. दुसऱ्या डॉक्टरांकडे मी जवळजवळ ओढत नेलं. त्यांनी स्ट्रोबोस्कोपी केली. स्क्रीनवर स्वरतंतू संथ हलताना दिसतात, दोन फिकट पट्ट्या उघडतात आणि मिटतात. पुढचा एक-तृतीयांश भाग संपतो तिथे दोन्ही बाजूंना समोरासमोर लहान फुगवटे होते. मिटताना आधी तेच एकमेकांना टेकत आणि त्यांच्या पुढे-मागे फट राहत होती. डॉक्टरांनी त्या फटीवर पेन ठेवलं. “तुमच्या षड्जातली हवा इथून जाते.” ताई म्हणाल्या, “परत दाखवा.” तीनदा पाहिलं.

हे नोड्यूल्स. शिक्षक, गायक, फेरीवाले, लहान मुलांवर ओरडणाऱ्या आया, सगळ्यांना होतात. अतिवापराने तळहाताला घट्टे पडतात, तसलाच प्रकार. त्यावर आधी व्हॉइस थेरपी करायची असते. बहुतेक वेळा तेवढ्याने भागतं. सोबत पोटातल्या आम्लाचा त्रास निघाला. शेवटची बॅच साडेनऊला सुटायची, दहाला जेवण, साडेदहाला झोप. आम्ल रात्री वर येऊन स्वरयंत्राला लागत होतं. सकाळी उठल्यावर घसा खाकरायची ताईंची सवय आम्हाला वर्षानुवर्षं माहीत होती. आम्ही त्याला रियाजाची तयारी समजत होतो.

पाटी आणि टाळ

पाच दिवस पूर्ण मौन. कुजबुजही नाही, कारण कुजबुजताना उलट गळ्यावर जास्तच ताण येतो. ताईंनी नातवाची पाटी घेतली. क्लास बंद ठेवा म्हटलं तर ऐकेनात, शेवटी त्या बसल्या आणि मी शिकवलं. त्यांच्या हातात छोटे टाळ. सूर उतरला की एकदा वाजवायचे, चढला की दोनदा. लहान मुलांना भारी गंमत वाटली. पहिल्या दिवशी टाळांचा नुसता खणखणाट, पाचव्या दिवसापर्यंत बराच कमी. भूपाची सरगम शिकणारं पोर ताईंचा आवाज नसला की तानपुऱ्याकडे कान देतं, नाहीतर ते ताईंच्या सुराला टेकून चालत असतं आणि आपण चालतो आहोत असं समजतं. हे मी मोठ्या तज्ज्ञतेने नाही, पाच दिवसांच्या पाहण्यावरून सांगते.

वरच्या मुलींना मात्र त्या पाच दिवसांत काही मिळालं नाही. बागेश्रीतला मध्यम धैवताकडून कसा यायचा, किती रेंगाळायचा, हे टाळांनी सांगता येत नाही. ते समोर बसून गुरूच्या तोंडूनच घ्यावं लागतं.

इथे मला क्लासचा खरा घोटाळा दिसला. पैसे कुठून येत होते? प्रारंभिक ते मध्यमा या खालच्या परीक्षांच्या मुलांकडून. आवाज कुठे खर्च होत होता? तिथेच. ज्या चार-पाच जणींना ताईंच्या आवाजाची खरी गरज होती त्यांची बॅच रात्री साडेआठची, दिवसाच्या शेवटची, आणि त्यातल्या दोघींकडून ताई फीसुद्धा घेत नव्हत्या. दिवसभर खर्चून जे उरायचं ते त्यांच्या वाट्याला.

मग वेळापत्रकच उलटं केलं. वरच्या मुली संध्याकाळी साडेचारला, गळा ताजा असताना. प्रारंभिक आणि प्रवेशिकेच्या दोन बॅचेस माझ्याकडे; ताई पंधरा दिवसांतून एकदा येऊन ऐकतात. मुलग्यांना शिकवायला ताईंचाच एक जुना विद्यार्थी येतो, तो स्वतः काळी एकमध्ये गातो. पण मुलग्यांना ताईंकडूनही शिकायचं होतं. पंडित जसराजांच्या जसरंगीत गायक आणि गायिका आपापल्या पट्टीत वेगवेगळे राग गातात, षड्ज-मध्यमाच्या नात्यावर, म्हणजे एकाच्या पट्टीतला मध्यम तो दुसऱ्याचा षड्ज. आम्ही ते लहान प्रमाणावर करून पाहिलं. मुलांनी काळी एकमध्ये भूप म्हणायचा, मुलींनी काळी चारमध्ये दुर्गा. पेटीवर पट्ट्या त्याच पाच: चार काळ्या आणि एक पांढरी चार. मुलं चकित झाली, एक दिवस मजा आली. रोजच्या शिकवण्याला त्याचा उपयोग नाही, कारण राग बदलतो. उपयोगी पडलं ते साधंच: ताईंनी आपल्या पट्टीत म्हणायचं, मुलांनी सरगम ओळखून आपल्या पट्टीत न्यायचं. पहिले दोन महिने हाल झाले.

कूलर बाहेरच्या खोलीच्या खिडकीत गेला. क्लासला मधल्या दारातून हवा येते, थोडी कमी. शाळेचं काम सोडलं. कमरेला लावायचा छोटा माइक आणला, तो ताईंनी दोन दिवस वापरला. “अजिंठ्याची गाईड वाटून राहिली मी,” म्हणाल्या आणि काढून ठेवला. तो अजून खोक्यात आहे. ग्लासभर पाण्यात स्ट्रॉ घालून बुडबुडे काढत सूर धरायचा व्यायाम मात्र त्यांनी इमानेइतबारे केला, दिवसातून पाचदा. त्याने तंतूंवरचा मार कमी होतो. पुण्याच्या गुरूंकडे अकरा वर्षं घालवलेल्या बाई स्वयंपाकघरात उभ्या राहून ग्लासात बुडबुडे काढतायत, हे बघून माझ्या मुलीला हसू आवरेना. ताईही हसल्या, आणि हसताना घसा खाकरला नाही.

पट्टी

सगळ्यात कठीण गेली ती पट्टी. थेरपिस्टनी पट्टी उतरवायला सांगितलं नव्हतं, पण ताईंच्या वयाला बाईचा आवाज तसाही जाड होतो, आणि काळी चारचा तार पंचम आता नैसर्गिक राहिला नव्हता. काळी तीनवर यायचं म्हणजे हरल्याची कबुली, असं त्यांना वाटे. मी गंगूबाई हनगलांचं नाव काढलं. त्यांचा आवाज घशाच्या शस्त्रक्रियेनंतर जाड झाला आणि त्या जाड आवाजावरच त्यांचं गाणं उभं राहिलं. ताई म्हणाल्या, “ती गंगूबाई होती.” मग अल्लादिया खाँसाहेबांची गोष्ट त्यांनीच सांगितली. आमलेटा नावाच्या छोट्या संस्थानाच्या दरबारी असताना अतिगाण्याने खाँसाहेबांचा आवाज गेला, परत आला तो वेगळा, आणि त्या आवाजाला पेलेल अशी गायकी त्यांनी घडवली, असं सांगतात. अख्खं जयपूर घराणं एका बसलेल्या आवाजातून निघालं. हे ताई आम्हाला कितीदा सांगत आल्या होत्या, पण स्वतःला लावून कधी पाहिलं नव्हतं.

मिरजेचा तानपुरा काळी चारला बांधलेला. नुसता उतरवला तर तारा सैल पडल्या आणि जवारी, म्हणजे तारेचा गुंजणारा नाद, बोलेना. थोड्या जाड तारा मागवून चढवल्या, तारेखालचा जवारीचा दोरा नव्याने सरकवून बसवला. तासभर ताई पुन्हापुन्हा तो दोरा केसभर पुढे, केसभर मागे करत होत्या. त्या दिवशी गायल्या नाहीत.

आत्ताचा ताळेबंद

सहा महिन्यांनी पुन्हा स्ट्रोबोस्कोपी झाली. डावीकडचा फुगवटा गेला आहे, उजवीकडे थोडा उरला आहे. काळी तीनमध्ये तार षड्ज स्वच्छ लागतो. संध्याकाळी मोजलं तर ताईंचं गाणं आता एकूण ७० मिनिटं भरतं. आकाशवाणीचं एक ध्वनिमुद्रण झालं, बैठक एकही नाही. आमंत्रण होतं, त्यांनीच पुढच्या हिवाळ्यावर ढकललं.

पैशाचं गणित जुळलेलं नाही. आधी फी देणारे ५८ विद्यार्थी महिना ८०० रुपयांनी, म्हणजे ४६,४०० आणि शाळेचे १२,०००. आता फी १,२०० केली, तेरा जण सोडून गेले, उरलेल्या ४५ जणांचे ५४,०००. त्यातून माझे आणि मुलग्यांच्या बॅचच्या मास्तरांचे मिळून ९,००० जातात. म्हणजे ५८,४०० होते तिथे ४५,०००. ऑनलाइनचा तास सहाऐवजी सातला केला, तिथे फारसा फरक पडला नाही. ताई म्हणतात चालेल. वही माझ्याकडे असल्यामुळे मला तसं वाटत नाही. फी नसलेल्या दोघींचा विषय मी एकदा काढला होता, आता काढत नाही.

सोडून गेलेल्यांपैकी एका मुलीची आई दारात उभी राहून मला म्हणाली, “तुमच्या मॅडम आजकाल गातच नाहीत म्हणते पोरगी. नुसतं ‘परत म्हण, परत म्हण.’ मग फी वाढवली कशाची बाप्पा?” मी तिला स्टॉपवॉचचं सांगायला लागले. तिला घाई होती, खाली स्कूटी चालूच होती.